दारू सोडलेल्या भावाला हातगाडी लावून द्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा. हडपसरला राहणाऱ्या एका ताईंचा धाकटा भाऊ, वय 36. कंपनीतली कंत्राटी नोकरी दारूपायी गेली. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, बाहेर येऊन दोन महिने झाले, अजून थेंबही घेतलेला नाही. मित्राचं बघून त्याला अंडाभुर्जीची गाडी टाकायची आहे आणि त्यासाठी तो साठ हजार मागतोय. त्याची बायको म्हणते, रोख हातात देऊ नका. आई म्हणते, गाडी लावून द्या, कामात मन रमेल, आणि जोडीला चहातून गुपचूप दारू सोडवायची गोळी देत राहू. ताई विचारतात, कुणाचं ऐकावं?

ताई, दारूतून बाहेर पडलेल्या माणसांच्या पाठपुराव्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. त्यातले बरेचजण हातावर पोट असलेले: भाजीवाले, चहावाले, हमाल, रिक्षावाले. त्यांना बघून जे समजलं ते सांगतो. गाडी लावून द्या. अंडाभुर्जीची नको. साठ हजार एकदम देऊ नका. आणि चहातली गोळी सुरू केली असेल तर आज बंद करा, बाकी सगळं नंतर.

गोळीचं आधी सांगतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. ती गोळी बहुधा डायसल्फिराम असते. दारूचं शरीरात विघटन होताना मधे एक विषारी पदार्थ तयार होतो, तो पुढे मोडू न देण्याचं काम ही गोळी करते. म्हणून गोळी पोटात असताना कुणी प्यायलं तर चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो. ज्याला माहीत आहे तो या भीतीनं दारूपासून लांब राहतो. ज्याला माहीत नाही तो एखाद्या दिवशी बसतो, नेहमीसारखी क्वार्टर घेतो आणि थेट अतिदक्षता विभागात पोचतो, किंवा पोचतही नाही. गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. तिचा उपयोग आहे, मी स्वतः कित्येकांना ती नीट चाललेली पाहिलीय. पण डॉक्टरांनी लिव्हर तपासून, रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीनं द्यायची ती गोष्ट आहे. वर्तमानपत्रात आणि एसटी स्टँडवर ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणून ज्या पावडरींची जाहिरात असते, त्यांच्याही नादाला लागू नका. आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. आणि फसवून दिलेली गोळी ज्या दिवशी उघडकीला येते, त्या दिवसापासून तो माणूस घरचा चहा पीत नाही, घरच्यांचं ऐकतही नाही.

आता धंदा.

लोक विचारतात, कोणत्या धंद्यात जास्त सुटतं? दारू सोडलेल्या माणसासाठी मी उलट विचारतो: संध्याकाळी सात वाजता हा माणूस कुठे असेल आणि कुणाबरोबर? ज्यानं बारा-चौदा वर्षं रोज साडेसहा-सातला ग्लास हातात घेतलाय, त्याचं शरीर त्या वेळेला जागं होतं. तोंड कोरडं पडतं, चिडचिड होते, पाय आपोआप जुन्या रस्त्याला लागतात. इच्छाशक्ती कमी आहे म्हणून हे होत नाही, मेंदूला लागलेली ती सवय आहे. ती ओसरायला महिने लागतात, काहींना वर्षही लागतं. त्या काळात संध्याकाळ मोकळी, सुरक्षित आणि माणसांत असली पाहिजे.

अंडाभुर्जीच्या गाडीचं गिऱ्हाईक येतं सातनंतर, रात्री अकरा-बारापर्यंत. ती गाडी चालते कुठे? वाइन शॉप, देशीचं दुकान, परमिट रूमच्या आसपास. गिऱ्हाइकाच्या पिशवीत क्वार्टर असते. ‘दादा, एक ग्लास द्या, पाण्याची बाटली द्या’ ही मागणी भुर्जीबरोबर येतेच. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जातं, हो म्हटलं तर पोलीस गाडीवाल्याला धरतात, कारण तिथे उघड्यावर पिणं बेकायदा आहे. रात्री आवराआवर करताना टेबलाखाली अर्धवट बाटल्या सापडतात. दोन महिने कोरडा असलेला माणूस दमून, भुकेला, खिशात दिवसभराची रोकड घेऊन त्या बाटलीसमोर रात्री साडेअकराला एकटा उभा असतो. मित्राचा धंदा जोरात असेल, तो पीतही नसेल. तुमच्या भावानं तिथे उभं राहू नये.

चायनीजची गाडी, उकडलेली अंडी, फिश फ्राय, मसाला शेंगदाणे हे सगळे या एकाच घरातले. माल कुठलाही असो, संध्याकाळी तो चकणा म्हणूनच खपतो. चायनीजबद्दल आणखी एक: डायसल्फिराम चालू असलेल्यांना व्हिनेगर आणि व्हिनेगर घातलेले सॉस टाळायला सांगतात, आणि त्या गाडीवर दिवसभर तेच हाताळायचं असतं. नीरा विक्रीचाही विचार करू नका. ताजी नीरा निरुपद्रवी, पण ऊन चढेल तशी ती आंबते आणि तिची ताडी होते. हे ज्याला प्यायची आहे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. पानटपरीत तंबाखू आलीच, शिवाय 2012 पासून राज्यात बंदी असलेला गुटखा ‘ठेवा हो, सगळेच ठेवतात’ म्हणून गळ्यात मारला जातो. मजूर अड्ड्यावर उभं राहणं हा गाडीला पर्याय वाटतो, पण काम सुटल्यावर सगळी टोळी पगार घेऊन थेट गुत्त्यावर जाते, आणि काही मुकादम तर मजुरीचा भाग म्हणून बाटलीच देतात.

मग काय करावं? सकाळचा धंदा. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, चहा. हडपसरसारखी जागा त्यासाठी चांगली आहे: गाडीतळाची बसची गर्दी, मगरपट्ट्याला जाणारे, औद्योगिक वसाहतीतली पहिली पाळी. पहाटे चारला उठायचं, सहाला गाडी लावायची, साडेअकरापर्यंत पातेलं रिकामं. घरी येऊन भांडी, जेवण, दोन तास झोप. दुपारी दुसऱ्या दिवसाची तयारी, कांदे-बटाटे आणायचे. संध्याकाळी सहा-सातला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या गटाची, मीटिंग. साडेनऊला अंथरुणात. उद्या पहाटे चारला उठायचंय हा विचार रात्री माणसाला घरात ठेवतो. दारू सोडल्यावर झोप बरेच दिवस बिघडलेली असते. पहाटे उठून अंगमेहनत केलेल्याला ती लवकर लागायला लागते, असं मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

शहाळ्यांची गाडीही चांगली, विशेषतः दवाखान्याबाहेर किंवा सकाळी बागेजवळ. देवळाबाहेर हार-फुलं विकणं चांगलं, बायको बरोबर असेल तर फारच चांगलं. भाजीचं मात्र तोलून घ्या. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल पहाटे उचलायचा असतो, पण सोसायटीतलं गिऱ्हाईक संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात येतं. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस पहिल्या वर्षी त्याला झेपणार नाही, आणि उरलेली भाजी सडताना बघणं हा रोजचा छोटा पराभव असतो.

वडापावबद्दल तुम्ही विचाराल. वडापाव सकाळीही खपतो, सुटतंही बरं. पण एक माहिती आधी काढा: दारू थांबवल्यावर त्याला कधी आकडी आली होती का? नेहमीची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत काहींना आकडी येते. ज्याला एकदा आली त्याला पुन्हा घसरून थांबल्यावर यायची शक्यता जास्त. अशा माणसाला उकळत्या तेलाच्या कढईशेजारी एकटं उभं करू नये. केंद्राच्या डिस्चार्ज कागदावर याची नोंद असेल, नसली तर डॉक्टरांना विचारा. पायांना मुंग्या येतात का, तळवे बधिर आहेत का, तेही विचारा. फार वर्षं पिणाऱ्यांच्या नसांना दारूनं आणि बी-1 जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं अनेकदा इजा झालेली असते आणि सहा तास उभं राहणं त्यांना जड जातं. अशाला गाडीमागे एक उंच स्टूल लागतं.

स्वतःची गाडी मात्र उद्याच नको. आधी दोन-तीन महिने ओळखीच्या, न पिणाऱ्या गाडीवाल्याच्या हाताखाली त्यानं काम करावं. पोहे भिजवणं, प्लेटा, हिशेब, गिऱ्हाइकाचं तोंड. रोजंदारी आठवड्यानं द्यायला सांगा. यात धंदा कळतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो वेळेवर उठतो का, शनिवारी गैरहजर राहतो का, रागावल्यावर काय करतो, हे साठ हजार न घालवता कळतं. त्याला हे अपमानाचं वाटेल. कंपनीत मशीन चालवणारा मी, पोहेवाल्याची भांडी घासू? हे त्यानं केंद्रातल्या समुपदेशकाशी बोलावं. केंद्रात असताना झाडू मारणं, भांडी घासणं त्यानं केलेलं असणार. बाहेर आल्यावर तीच कामं का लागतात हे बाहेरच पुन्हा समजावं लागतं.

पैशाचं नीट ऐका, कारण वहिनींचं अर्धं बरोबर आहे. रोख हातात एकदम देऊ नये, हे खरं. पण पैशाला हातच लावू देऊ नये, हे चूक. ज्या माणसाला स्वतःच्या कमाईतले शंभर रुपये बायकोकडे मागावे लागतात, तो थोड्याच दिवसांत गल्ल्यातून काढायला लागतो, मग खोटं बोलतो, आणि खोटं ही दारूकडे परतण्याची पहिली पायरी असते. म्हणून नियम त्यानं स्वतः ठरवावेत, वहीत स्वतःच्या अक्षरात लिहावेत, आणि तिघांनी सह्या कराव्यात.

माझ्या ओळखीच्यांना जमलेली रीत अशी. क्यूआर कोड बायकोच्या खात्याचा, आवाज देणारा डबा गाडीवर. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक हल्ली फोननंच पैसे देतं, म्हणजे तेवढी रोकड हातात येतच नाही. किराणा दुकानदाराचे पैसे त्याच खात्यातून थेट. रोख गल्ल्यातून आधी उद्याच्या मालाचे बाजूला, मग पतसंस्थेच्या पिग्मीवाल्याला गाडीवरच बोलवायचं, धंदा संपायच्या सुमारास. रोज दोनशे, तीनशे, जे ठरेल ते. पिग्मीचं पुस्तक हा त्याचा अभिमान होतो. महिनाअखेरीला स्वतः बेरीज करून दाखवणारी माणसं मी पाहिलीत. उरलेल्यातून त्याची ठरलेली रोजची मजुरी त्याच्या खिशात, विनाहिशेब. त्यानं बिडी ओढली काय, मुलाला पेप्सीकोला घेतला काय, विचारायचं नाही.

भिशी मात्र नको. भिशीचा नंबर लागला की एका दिवशी मोठी रक्कम हातात पडते, आणि अचानक आलेला पैसा हे घसरण्याचं फार जुनं कारण आहे. तसंच रोजच्या वसुलीवाल्या सावकाराला गाडीच्या जवळ येऊ देऊ नका. दहा हजारांचं कर्ज म्हणून साडेआठ हातात देतात आणि शंभर दिवस रोज शंभर नेतात. ऐकायला सोपं वाटतं, पण कर्ज रोज कमी होत जातं हे धरून मांडलं तर वर्षाला शेकडा शंभराच्या वरचं व्याज होतं. पावसात दोन दिवस गाडी लागली नाही की वसुलीवाला दारात.

कर्ज लागलंच तर पीएम स्वनिधी आहे. ही योजना फेरीवाल्यांसाठी जून 2020 मध्ये आली, ऑगस्ट 2025 मध्ये तिची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत वाढवली आणि रकमाही वाढवल्या: पहिलं कर्ज 15 हजारांपर्यंत, ते फेडलं की 25 हजार, मग 50 हजार. तारण लागत नाही, वेळेवर फेडलं तर व्याजात 7 टक्के सवलत मिळते. पहिले 15 हजार पोह्याच्या गाडीला पुरे आहेत. दुसरं कर्ज फेडल्यावर फोनच्या यूपीआयला जोडलेलं क्रेडिट कार्ड मिळायची सोय आहे, ते कार्ड पहिल्या दोन वर्षांत घेऊ नका. दारूच्या दुकानातही फोन दाखवून पैसे देता येतात, आणि आपले नसलेले पैसे खर्च करणं सगळ्यात सोपं असतं.

तुमचे साठ हजार बँकेतच ठेवा. त्यातून लागेल ती वस्तू तुम्ही घ्या. गाडी सुरुवातीला रोजच्या भाड्यानं मिळते. पातेली, शेगडी, डबे, प्लेटा. गॅस व्यावसायिक सिलिंडरचाच घ्या. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे आणि धाडीत तो पहिला उचलतात. घसरलेल्या माणसाच्या हातून आधी विकली जाते ती पटकन खपणारी चीज, वजनकाटा आणि सिलिंडर. म्हणून सिलिंडरची पावती वहिनींच्या नावावर असू द्या. यात त्याच्यावर अविश्वास नाही. त्याच्या वाईट दिवसासाठी केलेली सोय आहे, आणि हे त्याला तोंडावर सांगूनच करायचं.

कागदांचं थोडक्यात. अन्न व्यवसायाची नोंदणी करून घ्या, खाण्याचा धंदा असल्यानं ती लागतेच. महापालिकेकडे फेरीवाला म्हणून अर्ज करा. 2014 चा फेरीवाल्यांचा केंद्रीय कायदा वाचून ठेवण्यासारखा आहे. त्यात एक कलम तुमच्या फार कामाचं: प्रमाणपत्र ज्याच्या नावावर आहे त्यानं स्वतः किंवा त्याच्या कुटुंबातल्या माणसानं धंदा चालवायचा. म्हणजे भाऊ आजारी पडला, मीटिंगला गेला, किंवा पुन्हा केंद्रात जायची वेळ आली, तरी वहिनी गाडी चालवू शकतात आणि जागा जात नाही. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत वेळ लागतो, तोवर अतिक्रमण विभागाच्या गाडीची भीती राहणार, हेही खरं.

त्या गाडीबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण मी पाहिलेल्या घसरणींपैकी बऱ्याच त्याच दिवशी झाल्या. सकाळी साडेआठला ऐन गिऱ्हाइकात ट्रक येतो, गाडी उचलतात, पोहे रस्त्यावर सांडतात, चार माणसांदेखत अरेतुरे होतं. माणूस मोकळ्या हातानं फुटपाथवर उभा. राग, लाज, आणि खिशात उद्याच्या मालाचे पैसे. देशीचं दुकान दोन चौक पुढे. कायदा सांगतो की माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते, नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यावा लागतो, दंड भरून. पण त्या क्षणी कायदा आठवत नाही. म्हणून त्या दिवसाची तयारी आधी करायची. गाडी उचलली की पहिला फोन कुणाला, हे ठरलेलं हवं. तो माणूस दहा मिनिटांत तिथे पोचणारा हवा. यादी मागायला भावानं जाऊ नये, त्यानं गेलं तर भांडण होतं. तुम्ही किंवा संघटनेचा माणूस जाईल. पुण्यात बाबा आढावांच्या चळवळीतून उभी राहिलेली पथारी व्यावसायिक पंचायत आहे, तिचं सभासद व्हा. एकटा फेरीवाला ट्रकसमोर काहीच नसतो. शिवाय रागानं पेटलेल्या माणसाला ‘चल, आपण ऑफिसात जाऊन अर्ज देऊ’ म्हणणारा कुणी मिळाला की ती दुपार निघून जाते, आणि दुपार निघून गेली की बहुतेक वेळा तो दिवसही निभावतो.

दुसरा अवघड काळ पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर सलग चार-पाच दिवस धंदा होत नाही. ताडपत्रीखाली बसून बसून डोकं फिरतं. आणि त्यातच गटारी येते, आषाढ अमावास्येला. जुने मित्र ‘श्रावणात नाहीच प्यायची आहे, एकदा शेवटची बसू’ म्हणून बोलवायला येतात. उन्हाळ्यात पिग्मीत साठलेलं पावसाळ्याला वापरायचं, हे आधीच ठरवा, म्हणजे धंदा नसल्याचं दडपण कमी होतं. रिकाम्या दिवशीही त्यानं पहाटे उठावं, आंघोळ करावी, बाहेर पडावं. गटारी, धुळवड, गणपती विसर्जन, थर्टी फर्स्ट, गावची जत्रा या दिवशी तो कुठे असेल हे आठवडाभर आधी बोलून ठेवा. चांगली कमाई झालेला दिवसही याच यादीत घाला. लोकांना वाटतं माणूस दुःखात पितो. नवरात्रात उपवासाच्या खिचडीवर चौपट कमाई केलेला माणूस त्या रात्री ‘आज तर बनतीच’ म्हणतो.

जुने मित्र गाडीवर येणारच. त्यांना गाडीचा पत्ता दोन दिवसांत लागतो. फुकट चहा, उधारी, ‘काय सोडली म्हणे, बघू किती दिवस’. त्यानं एकच वाक्य पाठ करावं: ‘मला दारू चालत नाही, मी घेत नाही.’ कारण सांगायला लागलं की वाद सुरू होतो. उधारी कुणालाच नाही, अशी पाटी पहिल्या दिवसापासून. जुनी देणी असतील तर त्यांची एक यादी करा आणि दरमहा थोडं थोडं तुमच्या हातून फेडा. घेणेकरी गल्ल्यापर्यंत येता कामा नये. शेजारच्या एका-दोन गाडीवाल्यांना भावानं स्वतःहून सांगितलं की मी दारूतून बाहेर पडलोय, तर मदत होते. रस्त्यावरची माणसं एकमेकांना सांभाळतात. एखादा दिवस हा गप्प-गप्प दिसला तर शेजारचा चपलावाला तुम्हाला फोन करेल. सगळ्या जगाला सांगायची मात्र गरज नाही.

भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चार गोष्टी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगमध्ये वारंवार ऐकायला मिळतात. गाडीवाल्याला या चारही रोज भेटतात. त्यातली भूक सगळ्यात दुर्लक्षित. दुसऱ्याला खायला घालणारा स्वतः अकरापर्यंत चहा-बिडीवर असतो. साडेपाचला, गाडी लावायच्या आधी, त्यानं पोळी-भाजी खाऊन निघावं. दारू तुटल्यावर गोड खावंसं वाटतं, तेही खाऊ द्यावं, मधुमेह नसेल तर. खिशात गुळाचा खडा, राजगिऱ्याची वडी. तलफ आली की आधी काहीतरी खायचं, पाणी प्यायचं, कुणाला तरी फोन करायचा. तलफ सहसा वीस-तीस मिनिटांत उतरते, तेवढा वेळ काढायचा असतो. मीटिंग पहिले तीन महिने शक्यतो रोज. पुण्यात मराठी मीटिंगा बऱ्याच भागांत होतात आणि त्यांना फी नसते. धंदा जोरात आला की पहिली सुटते ती मीटिंग. केंद्राचा पाठपुरावाही चालू ठेवा. मुक्तांगणसारख्या केंद्रात घरच्यांसाठीही गट चालतात, वहिनींनी तिथे एकदा जाऊन बसावं. रोज त्याच्या तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं हे काम त्यांच्यावर टाकू नका. त्यातून तो सुधारत नाही आणि त्या आजारी पडतात.

आता तो प्यायला तर? हे बोलणं अशुभ वाटून लोक टाळतात, मग तो दिवस आला की घरात रडारड, मारामारी, गाडी विकून टाकणं. बरेचजण बरे होण्याच्या वाटेत एकदा-दोनदा घसरतात. दारू पोटात जायच्या बऱ्याच आधी ते दिसायला लागतं: गाडी उशिरा लागते, पिग्मी दोन दिवस चुकते, शेजाऱ्याकडून पन्नास रुपये उसने, मीटिंगला ‘आज कंटाळा आलाय’, विनाकारण बायकोवर ओरडणं. हे दिसलं की धंद्याची चौकशी बाजूला ठेवा आणि तब्येतीची करा. प्यायलाच, तर त्या रात्री काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी शुद्धीत असताना केंद्राला फोन. सलग काही दिवस प्यायला असेल तर घरी कोंडून दारू तोडू नका, हात थरथरणं, घाम, भ्रम, आकडी यांचा धोका असतो, दवाखान्यातच न्या. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर 14446 हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. त्या काळात गाडी वहिनींनी किंवा तुम्ही निम्म्या मालावर चालू ठेवा. परत आल्यावर त्याला गाडी जागेवर दिसली पाहिजे, हातात मात्र पहिला महिना गल्ला नाही. हेही आजच वहीत लिहा, त्याच्याच अक्षरात.

आईंना माझ्याकडून सांगा, कामात मन रमतं हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. फक्त मन रमणारं काम सकाळचं हवं.

आणि भाऊ भुर्जीवरच अडून बसला तर वाद घालू नका. एका पहाटे त्याला पोह्याच्या गाडीवर घेऊन जा, सहा ते नऊ तिथे उभे राहा, प्लेटा मोजा. पन्नास प्लेटा पंचवीस रुपयांनी म्हणजे साडेबाराशे, वर चहा वेगळा. त्यातून पोहे, तेल, गॅस, गाडीचं भाडं काढून काय उरतं ते गाडीवाल्यालाच विचारा, मोकळेपणानं सांगतात. मग केंद्रातल्या समुपदेशकासमोर तुम्ही, वहिनी आणि तो बसा. तरीही तो म्हणाला की भुर्जीच, नाहीतर काही नाही, तर पैसे देऊ नका. त्याला गाडी हवी आहे की त्या गाडीभोवतीची संध्याकाळ हवी आहे, हे त्या बैठकीत समुपदेशक त्याला विचारतील, आणि उत्तर देताना तुम्ही मधे बोलू नका.